मांजरेच्या काठी वर्षावन नको, मांजरेचीच झाडे हवीत

ब्राझीलचे छायाचित्रकार सेबास्तियाओ सालगादो आणि त्यांच्या पत्नी लेलिया यांनी १९९८ मध्ये रिओ दोसे नदीच्या खोऱ्यातील आपल्या ओसाड पडलेल्या शेतावर मूळचे वर्षावन पुन्हा उभे करण्यासाठी संस्था काढली आणि तेथे आजवर २० लाखांहून अधिक झाडे लागली. ही हकीकत आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर इतकी फिरली की, आमच्या मांजरा नदीच्या काठीही 'वर्षावन' करावे असा विषय गावच्या बैठकीत निघाला. उत्साहाचे स्वागतच आहे. पण आंबोलीसारख्या, वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या घाटातील झाडे आमच्या ७००-८०० मिलिमीटरच्या मुलखात आणून ती जगतील अशी आशा धरणे मला पटत नाही. सालगादो दांपत्याने त्या मातीतलीच झाडे त्या मातीत परत लावली, आणि आपण उचलावी ती एवढीच गोष्ट.

आपल्या नदीची झाडे कोणती, हे शोधायला फार लांब जावे लागत नाही. आमच्या पुलाच्या खालच्या अंगाला काठ इतका उभा आहे की वाळूचे ट्रॅक्टर तेथे उतरू शकत नाहीत, आणि बहुधा त्यामुळेच तो तुकडा वाचला आहे. अगदी पाण्यालगत वाळुंज उभे आहे, वारा आला की पानांची पांढुरकी पाठ दिसते. त्याच्या वर करंज आणि निरगुडी, खडकाच्या फटीत मुळ्या रोवलेला उंबर, थोडे उंचावर जांभूळ व अर्जुन, आणि बांधाजवळ शिंदी, बोर, कडुनिंब. पाण्यापासून बांधापर्यंत कोणी कोठे उभे राहायचे, हे जणू आधीच ठरलेले आहे. लावणीचा आराखडा म्हणून मी तरी दुसरा कागद मागणार नाही.

तीन वर्षांपूर्वी आम्ही नेमके उलटे केले. रोपवाटिकेत जे होते ते उचलले, म्हणजे गुलमोहर आणि काशीद. फोटो चांगले आले. पिशवीत वर्षभर अडकून मुळांची वेटोळी झालेली ती रोपे पहिल्याच उन्हाळ्यात बरीचशी वाळली आणि उरलेली शेळ्यांनी खाल्ली. दोष कोणाला द्यावा? खड्डे आम्हीच खणले होते.

झाडे लावल्याने पाऊस वाढेल, असे मी म्हणणार नाही. परंतु ज्या मांजरेचे धरण आटल्यामुळे एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याच मांजरेने सप्टेंबर २०२५ च्या पुरात काठची शेते खरडून नेली. आमच्याकडे जेथे नांगर थेट काठापर्यंत जातो तेथे जमीन ढासळली, आणि करंज-निरगुडीची दाटी असलेला तो पुलाखालचा तुकडा मात्र गाळ अडवून जागच्या जागी राहिला. एका तुकड्यावरून सिद्धान्त मांडू नये हे मला कळते, तरी मुळ्यांनी माती धरून ठेवलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे.

काठाच्या शेतकऱ्याची अडचण खरी आहे. झाडाच्या सावलीत सोयाबीन कमी येते, आणि पुरात जमीन गेली तरी सातबाऱ्यावरचा आकडा तसाच राहतो, म्हणून तो शेवटच्या फुटापर्यंत पेरतो. त्याला उपदेश करण्याऐवजी काठालगत करंज, जांभूळ, बोर अशी काही उत्पन्न देणारी झाडे देऊन पाहावीत, असे माझे मत आहे.

राज्यात २०१९ मध्ये ३३ कोटी वृक्षलागवडीचे उद्दिष्ट होते. आकडा मोठा असायला हरकत नाही, पण मोजणी लावणीच्या दिवशी नको, तिसऱ्या उन्हाळ्यानंतर व्हावी.

यंदा आम्ही रोपे विकत घेणार नाही. करंजाच्या शेंगा उन्हाळ्यातच गोळा करून ठेवू. जांभळाची बी फार दिवस टिकत नाही, त्यामुळे जूनमध्ये फळ खाल्ले की ती लगेच लावावी लागेल. वाळुंजाच्या अंगठ्याएवढ्या जाड फांद्या पहिल्या पावसानंतर ओल्या मातीत हातभर खोल खोचू, आणि राखणीच्या दोन पोरांच्या रोजंदारीसाठी वर्गणी आत्ताच गोळा करू. लागवड फक्त शंभर झाडांची आहे. ज्यांच्या शेताच्या काठी जुने वाळुंज किंवा जांभूळ अजून उभे असेल, त्यांनी खाली कळवावे. वाळुंजाच्या फांद्या आणि जांभळाच्या बिया न्यायला आम्ही येऊ, झाडाला धक्का लागणार नाही.