हसणारं पोर निगरगट्ट नसतं

नागपुरातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. घरातली दारू, मारहाण, आईबापांची फारकत यांवर किशोरांसाठी विनोदी लिहिणं म्हणजे पोरांच्या दुःखाची टिंगल. त्यानं मुलं निगरगट्ट होतात. आणि हे फॅड बाहेरचं आहे, असा त्याचा सूर. तिन्ही मुद्दे मला साफ नामंजूर आहेत.

टिंगलीचं आधी. हसतंय कोण आणि कोणाला, हे पाहायला नको का? मी नववीच्या मुलांचे वाचनाचे तास घेते. एक मुलगा घरचं सांगताना म्हणाला, "बापानं गाडीचं स्टँड एका झटक्यात लावलं तं जेवण घरीच. दोनतीनदा घसरलं तं आपुन सीधे काकूकडं." सगळे हसले, तोही हसला. पण रोज रात्री कान टवकारून बसल्याशिवाय हे वाक्य सुचत नाही. चांगला लेखक हेच कान वापरतो. ब्रिटिश लेखिका सू टाउनसेंडच्या १९८२ सालच्या पुस्तकातला किशोरवयीन एड्रियन मोल डायरीत स्वतःच्या मुरुमांची काळजी करत बसतो आणि तिकडे त्याची आई शेजाऱ्याबरोबर निघून जाते. त्याला न कळलेलं आपल्याला आधीच कळलेलं असतं. हसू येतं ते त्यामुळे, आणि पोटात तुटतं तेही त्यामुळेच.

निगरगट्टपणाचं म्हणाल, तर अशा घरातल्या मुलांना कीव नको असते. रडक्या पुस्तकात त्यांना तीच दिसते, मग ती गप्प बसतात. त्या मुलाचं ऐकून एक अबोल मुलगी पहिल्यांदा आपल्या घरातल्या भांडणांबद्दल बोलली.

बाहेरचं फॅड? प्रकाश नारायण संतांच्या कथांमधला शाळकरी लंपन आईबाबांपासून दूर, आजीआजोबांकडे वाढतो. इतकं हसवणाऱ्या त्या कथा 'झुंबर' या संग्रहामध्ये वडिलांच्या मृत्यूपर्यंत येतात. आणि नागपूरकरांना हे सांगावं लागावं? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत महागाईचे, भ्रष्टाचाराचे बडगे, म्हणजे टर उडवणारे पुतळे, निघतात, "ईडा पिडा घेऊन जा गे मारबत" म्हणत अख्खा रस्ता हसतो. म्हणून महागाई कोणाला गंमत वाटते का?

मारणाऱ्याच्या बाजूनं हसणारी पुस्तकंही असतात, हे खरं. त्यांत दारुडा बाप मजेशीर आणि मार खाणारी आई कटकटी असते. ती मी वर्गात नेत नाही. पालकांनी पुस्तक घेताना भांडणाचं एखादं पान उघडावं आणि तिथला विनोद कोणाच्या तोंडी आहे तेवढं बघावं.