गोल कोण मोजतंय?

२८ एप्रिल २०२५ च्या रात्री जयपूरला आयपीएलमध्ये वैभव सूर्यवंशीने ३५ चेंडूंत शतक ठोकलं, तेव्हा तो १४ वर्षांचा होता. सकाळी उठून पाहिलं तर आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचे षटकार, वडिलांनी मुलाच्या क्रिकेटसाठी जमीन विकल्याची बातमी आणि खाली एका काकांचा शेरा: "नाहीतर आमचे चिरंजीव, अंथरुणातून उठायला तयार नाहीत." त्याच आठवड्यात त्याच काकांनी एक लेखही पाठवला. मुलांवर अपेक्षांचं ओझं लादू नका, त्यांना मनसोक्त खेळू द्या, असा त्याचा सूर होता. दोन्ही पोस्टना सारखेच अंगठे पडले.

आपल्याकडचा वाद गेली कित्येक वर्षं याच दोन पोस्टींमध्ये हेलकावे खातोय. एक बाजू म्हणते, घडवायचं तर लहानपणीच घडवावं लागतं. दुसरी म्हणते, पालकांनो, जरा दमानं घ्या. म्हणजे दोष असो वा श्रेय, सगळं आईवडिलांच्या पदरात. मग पालकांसाठी व्याख्यानं होतात, समुपदेशक येतात, सगळे माना डोलावतात. रविवारी सकाळी मैदानाच्या जाळीला चिकटून तेच पालक ओरडतात, "अरे, पाय हलव ना!"

मी नॉर्वेत स्टाव्हांगरला राहते. सुट्टीत घरी गेले की हमखास ऐकावं लागतं, "तुमच्याकडचे आईबाप बरे, मुलांच्या मागे लागत नाहीत." हे खरं नाही. इथले आईबाप आपल्यासारखेच आहेत. लहान मुलांच्या सामन्याचा निकाल इथे कुठे लावत नाहीत, पण कडेला उभा असलेला प्रत्येक बाप गोल मनात मोजत असतो. एकदा पाच-पाच जणांच्या फुटबॉल सामन्यात आमच्या मुलीचा संघ चार गोलांनी मागे पडला. नियमाप्रमाणे त्यांना सहावा खेळाडू आत घ्यायला मिळाला. आतापर्यंत कडेला बूट आपटत बसलेली मुलगी पळतच मैदानात शिरली. तेवढ्यात समोरच्या संघातल्या एकाचे वडील सूचना द्यायला लागले. पिवळं जाकीट घातलेली एक बाई त्यांच्याजवळ गेली आणि हसून काहीतरी बोलली. तीही कुणाची तरी आईच, त्या दिवशी यजमान म्हणून मैदानाकडेला लक्ष ठेवायची तिची पाळी होती. गृहस्थ गप्प झाले. मन बदललं म्हणून नव्हे. जाकीट घातलेलं कुणीतरी तिथे होतं म्हणून.

माझा सगळा मुद्दा त्या जाकिटात आहे. नॉर्वेच्या क्रीडा महासंघाने मुलांच्या खेळासाठी १९८७ मध्ये नियम केले आणि २००७ मध्ये त्यांना मुलांच्या हक्कांची जोड दिली. मूल ११ वर्षांचं होईल त्या वर्षापर्यंत निकालपत्रक नाही, गुणतक्ता नाही, क्रमवारी नाही. १३ च्या आत राष्ट्रीय अजिंक्यपद नाही. बक्षिसं द्यायचीच तर सगळ्यांना. किती सराव करायचा यात मुलाचं म्हणणं धरायचं. ही सुविचारांची पाटी नाही, महासंघातल्या सगळ्या क्लबांना बांधून घेणारा नियम आहे आणि तो मोडला तर कारवाई होऊ शकते. आईबापांना कुणी 'चांगले व्हा' म्हटलेलं नाही. ज्यावरून ते भांडले असते, तेवढं काढून घेतलंय.

आता जानेवारी २०१६ मधला कल्याणचा शालेय क्रिकेट सामना आठवा. प्रणव धनावडेने नाबाद १००९ धावा केल्या, जगभर बातमी झाली. संघाने ३ बाद १४६५ वर डाव घोषित केला. समोरचा संघ एकदा ३१ मध्ये आणि एकदा ५२ मध्ये गारद झाला. त्यातली बरीच मुलं अगदीच कोवळी होती, असं तेव्हा छापून आलं होतं. हजार धावांचं कौतुक मलाही आहे. पण दोन दिवस चेंडू आणायला सीमेपलीकडे धावणाऱ्या त्या अकरा मुलांचं पुढे काय झालं, हे आपल्यापैकी कुणी विचारलं? आणि कौतुक तरी प्रणवच्या किती कामाला आलं? मुंबई क्रिकेट संघटनेने त्याला महिना १० हजारांची शिष्यवृत्ती दिली. पुढे धावा आटल्या तेव्हा वडिलांनीच ती थांबवा म्हणून पत्र दिलं. वडील रिक्षा चालवणारे. त्यांनी मुलावर दबाव टाकला असं कोण म्हणेल? दबाव चहूबाजूंनी आला होता. त्या सामन्यात 'पुरे आता' म्हणायचं काम कुणाचंच नव्हतं.

आपल्याकडे मूल खेळायला लागलं की पालकांपुढे काय काय येतं ते बघा. मोकळं मैदान जवळ नाही, म्हणून अकादमी. अकादमी फीवर चालते, म्हणून तिला निकाल दाखवावा लागतो. म्हणून दहा वर्षांखालची, आठ वर्षांखालची स्पर्धा. जिंकली की चौकात फ्लेक्स, त्यावर चषक धरलेली पोरं आणि त्यांच्यापेक्षा मोठा सरांचा फोटो. सरकारी शालेय स्पर्धा १४ वर्षांखालच्या गटापासून वर जातात. त्याआधीची ही चढाओढ बरीचशी बाजाराने उभी केलेली आहे. पुढे दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण. हेतू चांगलाच होता. पण या दाखल्यांची किंमत इतकी वाढली की बोगस प्रमाणपत्रांवर नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणं निघाली. खेळाचा कागद होतो, तेव्हा आई तो कागद फाइलमध्ये लावणारच. तिला 'मुलाला खेळाचा आनंद घेऊ दे' सांगणं सोपं आहे, कारण फाइल तिची आहे, आपली नाही.

आणखी एक गंमत. नववीपर्यंत 'मेडल आण' म्हणून मागे लागलेलं घर दहावी आली की 'आता बॅट माळ्यावर' म्हणतं. दोन्ही वेळा मुलाला विचारलेलं नसतं.

इथलं सगळं गोड आहे असं मात्र कुणी समजू नये. इंगेब्रिग्टसेन भावंडं आमच्या शेजारच्या सांदनेसची. याकोब दोनदा ऑलिंपिक सुवर्ण जिंकलेला धावपटू. वडील येर्ट हेच २०२२ पर्यंत त्यांचे प्रशिक्षक होते, त्यांच्या कडक शिस्तीवर टीव्ही मालिका झाली, देशाने ती कौतुकाने पाहिली. २०२३ मध्ये तिन्ही धावपटू भावांनी वडिलांवर मारहाणीचे आणि धमकावण्याचे जाहीर आरोप केले. २०२५ मध्ये खटला चालला. याकोबबाबतच्या आरोपांतून वडील सुटले, मुलीला टॉवेलने मारल्याबद्दल दोषी ठरले आणि १५ दिवसांची स्थगित शिक्षा झाली. मुलांच्या हक्कांचा कागद ज्या देशात इतका जुना आहे, त्याच देशात हे घडलं. क्लबच्या मैदानावर नियम पोचतो, घराच्या दारात तो थांबतो. शिवाय महासंघाबाहेरच्या खाजगी फुटबॉल शाळांना हे नियम लागू नाहीत आणि त्यावर इथेही वाद चालू आहे. स्की, बूट, प्रवास यांचा खर्च इतका की कमी मिळकतीच्या घरांतली मुलं गळतात. आणि पंधरा-सोळाव्या वर्षी भरपूर मुलं खेळ सोडतात, हसतखेळत सुरू केला असला तरी.

"मग खेळाडू कसे घडतात?" हा भावाचा ठरलेला प्रश्न. मी त्याला हालांड सांगते. फुटबॉलपटू एर्लिंग हालांड इथून अर्ध्या तासावरच्या ब्रिनेत वाढला, सुमारे ४० मुलांच्या एकाच गटात, चाळणी न लावता. ५५ लाखांच्या या देशाने २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये १६ सुवर्णं नेली. भाऊ हुशार, लगेच म्हणाला, "ताई, हालांडचे वडील इंग्लंडमध्ये व्यावसायिक फुटबॉल खेळलेत. आणि बर्फ तुमच्याकडे, आमच्याकडे नाही." दोन्ही कबूल. बुद्धिबळाचं काय, असं त्याने विचारलं तेव्हाही माझ्याकडे पुरतं उत्तर नव्हतं. नागपूरची दिव्या देशमुख सात वर्षांखालची राष्ट्रीय विजेती होती आणि २०२५ मध्ये तिने महिला विश्वचषक जिंकला. इथला मॅग्नस कार्लसन १३ व्या वर्षी ग्रँडमास्टर झाला, त्या सुमारास आईवडील मुलांना घेऊन वर्षभर युरोप फिरत होते. काही खेळांत लवकर सुरुवात लागते. मी एवढंच म्हणते, की अशा दोन-चार मुलांसाठी बाकीच्या हजारोंचं दहाव्या वर्षीच निवडा-गाळा करायचं कारण नाही.

भावाचा खरा मुद्दा मात्र वेगळा होता आणि तो मला अजून टोचतो. इथे पोरगा फुटबॉलमध्ये चमकला नाही तर त्याचं काही अडत नाही. शिक्षण फुकट, सुताराचंही घर नीट चालतं. आपल्याकडे कुणा शेतकऱ्याला मुलाचा खेळ ही वर जायची एकमेव शिडी दिसत असेल, तर त्याने जमीन विकण्याला मी इथे बसून वेडेपणा म्हणू नये. ते बरोबर आहे. पण ती शिडी आठव्या वर्षी सुरू करण्याची गरज शेतकऱ्याला नाही, अकादमीला आहे.

भाचा नऊ वर्षांचा. गेल्या स्पर्धेत तीन सामन्यांत त्याला एकदाही बॅट मिळाली नाही, वरची फळीच सामने संपवते. मी भावाला इंग्लंडमधल्या लहान मुलांच्या जोडी-क्रिकेटबद्दल सांगितलं: प्रत्येक जोडीला ठरावीक षटकं, बाद झालं तर काही धावा वजा, पण खेळ चालूच, आणि गोलंदाजी सगळ्यांना. त्याने ते अकादमीच्या सरांपुढे मांडलं. सरांना पटलं. "पण मी एकट्याने केलं तर तीन सामने हरू, आणि पुढच्या महिन्यात निम्मे पालक पलीकडच्या अकादमीत," असं ते म्हणाले. सर खोटं बोलत नाहीत. म्हणूनच हे एका सरांवर किंवा एका समंजस बापावर सोडून चालत नाही. जिल्हा संघटनेने बारा वर्षांखालच्या सगळ्या स्पर्धांना एकाच दिवशी हा नियम लावला, तर पलीकडच्या अकादमीतही तोच असेल आणि पालकांना पळून जायला जागा उरणार नाही. भावाने तसं पत्र लिहिलंय. सह्या गोळा करतोय, पहिली सही सरांची आहे.