उरलेल्या पैशाचा एसएमपीएस

कोल्हापुरात पहिला डेस्कटॉप जोडायला निघालेल्या माणसाचं बजेट एका ठरावीक क्रमानं संपतं. आधी ग्राफिक्स कार्ड, मग प्रोसेसर, मग रंगीत दिव्यांचे पंखे, मग ते दिवे दिसावेत म्हणून काचेचं कॅबिनेट. तळाशी जे काही दीड-दोन हजार उरतात, त्यात एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज आतल्या भागांना लागेल तशी करून देणारा डबा, बसवायचा असतो. राजारामपुरीत चौकशी केली की कुणीतरी समजूत घालतंच, "कॅबिनेटसंगं येतोय की भावा, ४५० वॅटचा. वेगळा कशाला पायजे?" भावालाही ते लगेच पटतं, कारण एसएमपीएस फोटोत दिसत नाही.

मला विचाराल तर यादी इथूनच सुरू करावी. रॅम गेली तर एकटी जाते. हा गेला आणि हलक्यातला असला, तर जाताना मदरबोर्ड, हार्डडिस्क असे दोन-चार जण सोबत नेतो.

खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलायचं नाही. एसएमपीएसच्या अंगावर बारीक अक्षरांचा तक्ता असतो, तो वाचायचा. १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघून १२ ने गुणायचं. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, दोघांचं पोट याच १२ व्होल्टवर चालतं. तिथं १६ अँपिअर असतील तर १९२ वॅट झाले. मग ४५० कुठनं आले? ते स्टिकर छापणाऱ्यालाच माहीत. चांगल्या ५५० वॅटवाल्यावर तिथं ४५ अँपिअरच्या आसपास आकडा असतो, आणि हिशेब जुळतो. आरटीएक्स ४०६० सारखं ११५ वॅटचं कार्ड आणि ६५ वॅटचा प्रोसेसर असेल तर ५५० भरपूर झालं. मित्रानं १००० वॅटचा घेतला म्हणून आपण घ्यायचं कारण नाही. घेतलाच तर वीजबिल दुप्पट येईल असंही नाही. आतल्या भागांना लागेल तेवढीच वीज तो ओढतो, महावितरण स्टिकर बघून बिल पाठवत नाही. आणि '८० प्लस' हा शिक्का वीज किती वाया जाते त्याचा दाखला आहे, टिकाऊपणाचा नव्हे.

आता बसवणं. आमच्याकडं हे काम एकट्यानं करायची सोय नाही. रविवारी मिसळ हाणून आलेला एकजण कॉटवर बसून सूचना करणार, एकजण मोबाईलचा टॉर्च धरणार, आणि तोही नेमका आपल्या डोळ्यात. त्यांना पहिलं काम द्यायचं ते काच सांभाळायचं. कॅबिनेटची टफन्ड काच फरशीवर कधीही उभी टेकवू नये. मधोमध धक्का सोसणारी ती काच टाइलला कोपरा लागला की एका क्षणात साखरेएवढे तुकडे होऊन घरभर पसरते. सरळ गादीवर आडवी ठेवावी आणि तिच्यावर कुणी बसणार नाही हे बघावं. आपल्यात बसतात.

काच सुटली की पंख्याचा वाद सुरू होतो: एसएमपीएसचा पंखा वर की खाली? कॅबिनेटच्या तळाला जाळी आणि फिल्टर असेल तर खाली. बाहेरची गार हवा तो तळातून घेतो आणि गरम हवा मागं टाकतो. तळ बंद असेल तर वर. पण पंखा खाली ठेवून कॅबिनेट जाड सतरंजीवर ठेवायचं, म्हणजे त्याच्या नाकावर उशी दाबल्यासारखं झालं. "स्टिकर उलटा येतोय की!" अशी तक्रार कॉटवरून येईल. येऊ दे उलटा.

मॉड्युलर एसएमपीएस असेल, म्हणजे केबल सुट्या असतील, तर लागतील त्या आधीच त्याला लावून घ्याव्यात: मदरबोर्डची, प्रोसेसरची, ग्राफिक्स कार्डची आणि डिस्कसाठी साटाची. एकदा तो खालच्या पत्र्याच्या बोगद्यात शिरला की पुढं हार्डडिस्कचा पिंजरा, मागं भिंत, आणि आपला हात मनगटापाशी अडकलेला. त्या अवस्थेत केबल लागत नाही, फक्त शिव्या लागतात.

स्क्रू चार. कॅबिनेटबरोबरच्या पुडीत दोन जातीचे असतात, जाड आट्यांचे आणि बारीक आट्यांचे. इथं जाड आट्यांचे लागतात. उद्यमनगरात लेथवर आयुष्य काढलेले मामा घरात असतील तर ते नुसतं बोटांत फिरवून सांगतील. मात्र स्क्रू ड्रायव्हर त्यांच्या हाती देऊ नये. मामांचा हात ओतीव लोखंडाला सरावलेला, आणि हा पत्रा असतो पातळ. शेवटचा अर्धा पीळ मारला की आटे गेले. चारही स्क्रू आधी सैल लावावेत, भोकं जुळली की मग कर्णात घट्ट करावेत. भोकांची रचना मुद्दाम वाकडी असते. भोकं जुळेनातच, तर डबा उलटा आहे.

आणखी एक. "जरा उघडून बघूया का आत काय आहे?" असं कुणी म्हणालं तर त्याला चहा करायला आत पाठवावं. एसएमपीएसच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागावर, तीनशेच्या वर व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ तिथंच मुक्काम करतात.

यानंतर खरी झटापट. प्रोसेसरची ८ पिनांची केबल मदरबोर्डच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात जाते. ती मागून त्या कोपऱ्याच्या भोकातून आधीच काढून ठेवावी, कारण मोठा कूलर बसल्यावर तिथं करंगळीही जात नाही. बऱ्याच ग्राफिक्स कार्डांची केबलही आठच पिनांची. फरक असा की प्रोसेसरची ४ अधिक ४ अशी फुटते आणि कार्डाची ६ अधिक २ अशी. दोन्हींत १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या बाजू एकमेकींच्या उलट आहेत, म्हणून पिनांचे आकार वेगळे केलेत. जात नसेल तर ती तिथली नाही. "दाब की जरा, जातंय" हा सल्ला कॉटवरून येतोच.

मदरबोर्डची २४ पिनांची केबल म्हणजे उसाची मोळी. वळत नाही, आणि वळवली तर सरळ होत नाही. ती दाबताना बोर्ड वाकतो आणि दाबणारा घाबरून हात सैल सोडतो. मग प्लग दोन मिलिमीटर वर राहतो, वरून बसल्यासारखा दिसतो, आणि मशीन चालू होत नाही. बोर्डाच्या कडेखाली एका हाताची बोटं आधाराला द्यायची आणि खटका 'टक्' वाजेपर्यंत दाबायचं.

चालू करण्याआधी एसएमपीएसच्या पाठीवरचं बटण बघावं. रेघ म्हणजे चालू, गोल म्हणजे बंद. 'नवीन मशीन डेड आहे' म्हणून रडकुंडीला आलेल्यांतले कितीतरी गोलावर असतात. काही जुन्या किंवा स्वस्त मालाला तिथंच ११५ आणि २३० लिहिलेला छोटा लाल खटका असतो. तो २३० वरच पाहिजे. ११५ वर ठेवून आपल्या सॉकेटला लावलात तर जाळ आणि धूर संगटच, आणि तोही शब्दशः. उलट, बटण दाबल्यावर एसएमपीएसचा पंखा फिरला नाही म्हणून घाबरू नये. लोड कमी असेपर्यंत पंखा बंद ठेवणारी मॉडेल असतात.

मशीन चालू झालं, दिवे लागले, आणि कॅबिनेटला हात लावला तर झिणझिण्या आल्या? दोष बहुधा भिंतीतला. पेठांतल्या काही जुन्या घरांत तीन भोकांच्या सॉकेटमागं तारा दोनच असतात. अर्थिंग नसलं की एसएमपीएसच्या आतल्या, वीज गाळणाऱ्या फिल्टरमधल्या कपॅसिटरमुळं पत्र्यावर सुमारे ११५ व्होल्ट तरंगत राहतात. करंट अगदी थोडा असतो, पण जाणवतो. यावर घरोघरी तोडगा एकच: "स्लिपर घालून बसत जा." तोडगा खरा म्हणजे वायरमनकडून नीट अर्थिंग करून घेणं. न्यूट्रल आणि अर्थिंगच्या भोकांत तुकडा जोडून 'झालं बघा काम' म्हणणारा भेटला तर त्याला तिथंच थांबवा; न्यूट्रल तुटली की सगळं कॅबिनेट २३० व्होल्टवर येतं.

उरलेल्या केबल त्यांच्या पिशवीत भराव्यात आणि पिशवीवर मार्करनं एसएमपीएसचं मॉडेल लिहावं. या केबलची डिस्ककडची बाजू सगळीकडं सारखी, पण एसएमपीएसकडची ज्याची त्याची वेगळी. प्लग दुसऱ्याच्यात आरामात बसतो, आणि ५ व्होल्टच्या तारेत १२ व्होल्ट जाऊन डिस्क मरते. वर्षा-दोन वर्षांनी आतेभाऊ येणारच, "दादा, एक साटा केबल दे की, तुझ्याकडं पडूनच हाय." चहा द्या, जेवूनही जायला सांगा. केबल देऊ नका.