ग्रो बॅगवरची बुरशी आणि तो व्हिनेगर-ब्लीचवाला मेसेज

पावसाळा लागला की बागकामाच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: घरात ग्रो लाइटखाली (झाडं वाढवायच्या दिव्याखाली) ठेवलेल्या कापडी ग्रो बॅगला, म्हणजे कुंडीऐवजी वापरायच्या कापडी पिशवीला, बाहेरून पांढरं, हिरवं, काळं काहीही दिसलं की ती बुरशी, ती मुळांत शिरते आणि झाड मारते, काळी असेल तर ती तीच कोविडच्या वेळची काळी बुरशी, म्हणून ताबडतोब व्हिनेगर आणि ब्लीच मिसळून फवारा, वरून बेकिंग सोडा नाहीतर दालचिनी भुरभुरा, आणि एवढं करूनही नाही गेली तर माती फेका आणि प्लास्टिकच्या कुंड्या आणा. खाली "प्रत्येक बागप्रेमीपर्यंत पोचवा" हे आलंच.

धोक्याचं आधी बोलूया, बाकीचं नंतर. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र करायचं नाही म्हणजे नाही. ब्लीचमध्ये आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि ग्रो रूम म्हणजे काय तर बहुतेकांच्या घरी पडदे ओढून बंद केलेली एक खोली नाहीतर काचा लावून घेतलेली बाल्कनी, तिथे तोंडाशी स्प्रे धरून हे मारायचं म्हणजे डोळे, घसा, छाती सगळ्याची वाट. दम्याचं माणूस घरात असेल तर विचारूच नका.

"मग वेगवेगळं मारलं तर?" असं लगेच कोणीतरी विचारतं. मारा, पण उपयोग काय होणार ते ऐका. ब्लीच माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), शेणखत असल्या सेंद्रिय गोष्टींना लागलं की त्यांच्याशीच झगडण्यात बरंचसं संपून जातं, मातीने माखलेल्या ओल्या कापडावर त्यात दम फारसा उरत नाही. व्हिनेगर म्हणजे साधारण ४-५ टक्के ॲसिटिक ॲसिड, हेच जास्त तीव्र करून तण जाळायला वापरतात. आणि कापडी बॅग आपण घेतो कशासाठी? मुळं कापडापर्यंत येतात, टोकं हवेने सुकतात, मग आतल्या बाजूला नवीन बारीक मुळं फुटतात, म्हणून. म्हणजे झाडाची सगळ्यात कामाची मुळं त्या कापडाच्या लगेच पलीकडे असतात आणि आपण बरोब्बर तिथेच ॲसिड मारतोय.

आता "पांढरं म्हणजे बुरशी". बऱ्याच फोटोंमध्ये ती बुरशी नसतेच, क्षार असतात. बोअरचं जड पाणी आणि वर पाण्यात विरघळणारी खतं, हे पाणी कापडातून बाहेर झिरपतं, उडून जातं आणि क्षार कापडावर राहतात. नखाने खरवडून बघा, क्षार असतील तर कडक, खरखरीत लागतात आणि भुगा पडतो. बुरशी मऊ असते, कापसासारखी, बोट फिरवलं की चपटी होते आणि बहुतेक वेळा कुबट वास येतो. शंका असेल तर त्या डागावर व्हिनेगरचा एक थेंब टाका (व्हिनेगरचा या सगळ्यातला एवढाच उपयोग), बुडबुडे आले तर चुन्याचा क्षार. नाही आले म्हणून लगेच बुरशी असं मात्र नाही, खताचे क्षार फसफसत नाहीत, ते पाण्याने पुसले की विरघळतात. क्षारांसाठी फवारणी वगैरे काही नाही, खताचा डोस कमी करा आणि अधूनमधून साधं पाणी भरपूर घालून खालून निघून जाऊ द्या.

बरं, खरंच बुरशी आहे असं धरू. ती मुळांत शिरून झाड मारते का? कापडावर आणि मातीच्या वर जी पांढरी-हिरवी लव येते ती बहुतेक वेळा मेलेल्या गोष्टी खाणारी असते: निंबोळी पेंड, मोहरीची पेंड, अर्धवट कुजलेलं खत, कोकोपीट. पेंड वरच्यावर भुरभुरून पाणी मारलं की थोड्या दिवसांत लव येते, यात नवल काही नाही. निरोगी झाडाच्या जिवंत मुळांशी तिचं फारसं घेणंदेणं नसतं. आणि गंमत बघा, हेच लोक दुकानातून ट्रायकोडर्माची पुडी आणून मुळांच्या रोगांवर उपाय म्हणून मातीत मिसळतात, ती स्वतः एक बुरशीच आहे आणि वाढली की हिरवी दिसते, मग हिरवं दिसलं की फोटो टाकून "काय मारू?" विचारतात. अर्थात प्रत्येक हिरवी लव ट्रायकोडर्मा नसते, नुसत्या डोळ्याने ते ओळखता येत नाही.

मेसेजमध्ये भुरीचा फोटोही घुसडलाय, काकडीच्या पानावरची पांढरी पावडर. ती वेगळीच गोष्ट. भुरी जिवंत पानावरच जगते, कापडावर नाही, नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षवाल्यांना विचारा. रोपं बुडाशी कुजून कोलमडतात तो रोगही वेगळा, तो मातीतून येतो आणि सतत ओल ठेवली की जोर धरतो. म्हणजे कापडावरची लव झाड मारत नाही, पण जी ओल तिला पोसते ती इतर भानगडी नक्की आणते, चिलटं धरून.

काळी बुरशी. २०२१ मध्ये हेच कांद्यावरच्या काळ्या डागांबद्दल फिरलं होतं, फ्रिजच्या रबराबद्दलही. कांद्यावरची काळी बुरशी म्हणजे ॲस्परजिलस नायजर, म्युकरमायकोसिस, म्हणजे कोविडच्या वेळचा तो आजार, करणाऱ्या बुरशी वेगळ्या. त्या आजाराला काळी हे नाव पडलं ते मेलेल्या पेशी काळ्या पडतात म्हणून, बुरशीच्या रंगावरून नाही. त्या जातीच्या बुरशीचे बीजाणू माती-कंपोस्टमध्ये तसेही असतात, आणि आजार मुख्यतः हाताबाहेर गेलेली शुगर, स्टिरॉइड, खालावलेली प्रतिकारशक्ती अशा लोकांना होतो. अशा माणसाने बुरशी आलेली बॅग हाताळूच नये, दुसऱ्याला सांगावं. बाकीच्यांनी मास्क लावावा आणि कोरडी बुरशी खोलीत ब्रशने घासू नये, आधी ओल्या फडक्याने पुसून घ्यावी, नाहीतर बीजाणू सगळ्या घरात उडतात.

बेकिंग सोडा म्हणजे सोडियम, मातीत साठत जातो, नको. दालचिनी ओल्या कापडावर टिकत नाही, चहात घाला.

प्लास्टिकच्या कुंडीबद्दल मी पूर्ण विरोधात नाही. बंद खोली असेल, हवा खेळवायची काही सोयच नसेल तर प्लास्टिक बरं, कारण ते चारी बाजूंनी पाणी उडवत नाही. पण त्यात ओल आत जास्त वेळ राहते, पाणी देण्यात हात सैल असलेल्यांची मुळं तिथे कुजतात आणि बाहेरून काही दिसतही नाही.

खरा मुद्दा मेसेजमध्ये कुठेच नाही, तो म्हणजे खोलीतली हवा. १० बाय १० ची खोली, साडेनऊ फूट उंच, म्हणजे साधारण २७ घनमीटर हवा. २८ डिग्रीला ही अख्खी खोली जास्तीत जास्त पाऊण लिटरच्या आसपास पाणी वाफ म्हणून धरू शकते. आणि तुम्ही १२ बॅगांना रोज अर्धा अर्धा लिटर घातलं तर ते सहा लिटर झालं, त्यातलं बहुतेक पानांतून आणि कापडातून याच हवेत येणार! जाणार कुठे ते? त्यातून रात्रीचं बघा. दिवे चालू असताना २८ डिग्री आणि ७५ टक्के आर्द्रता असेल, तर दिवे बंद होऊन खोली २४ वर आली की तीच हवा ९३-९४ टक्क्यांवर जाते, थेंबभरही पाणी न घालता. बुरशी तेव्हा वाढते, तुम्ही झोपलेले असताना.

म्हणून पाणी द्यायचं दिवे लागल्या लागल्या, संध्याकाळी नाही. बॅगा जमिनीवर किंवा पाण्याच्या ट्रेमध्ये नाही, जाळीच्या स्टँडवर नाहीतर विटांवर, दोन बॅगांमध्ये हात जाईल एवढी जागा, ट्रेमधलं पाणी लगेच ओतून टाका. एक छोटा पंखा बॅगांच्या उंचीवर, रात्रीही चालू. एक साधं हायग्रोमीटर (हवेतली आर्द्रता टक्क्यांत दाखवणारं) घ्या आणि आकडा ६० च्या खाली ठेवायचा प्रयत्न करा. एक्झॉस्ट फॅन हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात छान काम करतो, पण जुलैत मुंबई-कोकणात बाहेरचीच हवा ८५-९० टक्के दमट असते, ती आत ओढून काय मिळणार, तेव्हा एसी ड्राय मोडवर नाहीतर डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल शोषणारं यंत्र. तेवढा खर्च नको असेल तर पावसाळ्यात खोलीतल्या बॅगा सरळ अर्ध्या करा.

आलेली बुरशी ओल्या फडक्याने पुसायची, वरचा पेंडीचा थर काढून टाकायचा, झालं. पीक संपल्यावर बॅग रिकामी करा, वाळवा, माती बाहेर झटका, डिटर्जंटच्या पाण्यात ब्रशने घासा, खळखळून धुवा आणि कडक उन्हात पूर्ण सुकवून मगच घडी घाला. वॉशिंग मशीनमध्ये टाकायचा मोह होतो, पण शिवणीत अडकलेलं कोकोपीट ड्रेनच्या पाइपात जाऊन बसतं आणि घरच्यांच्या शिव्या बसतात त्या वेगळ्याच. शिवण उसवलेली, कापड बोटाने फाटतंय अशी बॅग असेल तर ती खुशाल फेका.