रंग वरून घातलेला नाही, सालीतून उतरलेला आहे

दादा, शिराझ या स्वस्तातल्या रेड वाइनबद्दल मी लिहिलं होतं, त्यावर तुम्ही लिहिलंय, 'एवढ्या स्वस्तात खरी रेड वाइन मिळतच नाही. द्राक्षाचा रस, रंग आणि वरून अल्कोहोल. तुमचं वाचून शिराझ आणली, जेवताना घेतली, तर नुसती जळजळ आणि तोंड कोरडं.' तुम्ही नान्नजकडचे द्राक्ष बागायतदार, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी रंग. बाजारातलं काळं शरद सीडलेस घ्या, साल सोला, गर पिळा. रस जवळजवळ पांढराच निघेल. आपल्याच सोलापूर जिल्ह्यात अकलूजकडे फ्रातेली या वाइन कंपनीच्या वाइन द्राक्षांच्या बागा आहेत, तिथल्या काळ्या शिराझ द्राक्षाचंही तेच. रंग सगळा सालीत. म्हणून रेड वाइनचा रस साली-बियांसकट आंबवतात. साली वर तरंगतात, त्यांचा जाड थर पुन्हा पुन्हा रसात दाबावा लागतो, तेव्हा कुठे रंग उतरतो. तोंड कोरडं पडलं ते त्याच साली-बियांतल्या तुरटपणाने, चहा फार उकळला की जीभ धरते तसं. खायच्या द्राक्षाचा मणी फुगावा म्हणून तुम्ही जीए (जिबरेलिक ॲसिड हे वाढीचं संजीवक) देता. वाइनला बारीक मणीच हवा, म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त.

अल्कोहोलचा हिशेब तर तुमच्या रिफ्रॅक्टोमीटरवरच, म्हणजे रसातली साखर मोजायच्या यंत्रावरच होईल. खायचा माल १८ ब्रिक्सच्या (शंभर भाग रसात साधारण १८ भाग साखर) आसपास उतरवतात, रेड वाइनचा २३-२४ पर्यंत वेलीवर ठेवतात. यीस्टने ती साखर खाल्ली की १३ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल तयार होतं. वरून ओतायचं कारणच नाही.

स्वस्ताई येते ती ओकच्या लाकडी पिंपांचा खर्च वाचल्याने. २२५ लिटरचं एक पिंप म्हणजे जेमतेम ३०० बाटल्या. स्वस्तातली वाइन स्टीलच्या टाकीत राहते आणि लवकर बाजारात येते. मला ते उणं वाटत नाही, फळाची चव त्यातच जास्त मोकळी लागते.

जळजळीचा दोष मात्र माझा. मी बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवली होती, ते लिहायचं राहिलं. 'रूम टेम्परेचर' हा शब्द युरोपातल्या गार घरांचा. सोलापूरच्या उन्हाळ्यात घरातल्या ३५ अंशांना अल्कोहोल थेट नाकात चढतो. रेड वाइनला १६-१८ अंश हवेत. शिवाय सोबत शेंगा चटणी होती म्हणता, तिखटाने ती आग आणखी भडकते.

उरलेली आता फ्रिजमध्येच असेल. बाहेर काढून थोडी थांबा, साध्या मटणाच्या सुक्क्याबरोबर घ्या, मसाला बेताचाच ठेवा. मला आधी जांभळाचा वास आला होता, आणि घोट गिळल्यावर मागून काळी मिरी.