पातळ पत्रा, सलग शिवण आणि पाण्याची बादली: एका लोकप्रिय सल्ल्याचा प्रतिवाद

जुन्या गाडीच्या बॉडीचा गंजलेला भाग कापून तिथे नवा पत्रा बसवणाऱ्यांमध्ये एक सल्ला हातोहात फिरत असतो: मिग मशीनचा (वायर आपोआप पुढे सरकवत ती वितळवणाऱ्या वेल्डिंग मशीनचा) करंट शक्य तितका कमी ठेवा, पत्र्यावर पत्रा चढवून वेल्डिंगची सलग शिवण मारा, लगेच पाणी ओता आणि उरलेसुरले पुट्टीखाली झाका. सल्ला सोपा वाटतो, म्हणूनच तो पसरतो. तपासायला घेतला की मात्र त्यातले फारच थोडे टिकते.

प्रथम करंटविषयी. ०.८ मिमीच्या पत्र्याला भोक पडेल ही भीती रास्त आहे. परंतु पत्र्यात किती उष्णता उतरते हे जसे करंटवर अवलंबून असते, तसेच वेल्डिंगची टॉर्च एका जागी किती वेळ रेंगाळते यावरही असते. करंट फारच उतरवला की वायर पत्र्यात मुरत नाही, वरच गोळा होऊन बसते, आणि ग्राइंडर फिरवताच त्या गोळ्याबरोबर जोडही निघून जातो. त्यापेक्षा ०.६ मिमीची वायर, पुरेसा करंट आणि क्षणभराचा टॅक, म्हणजे वेल्डिंगचा एकच ठिपका, बरा. टॅक आरपार गेला की नाही हे पत्र्याच्या मागच्या बाजूने पाहावे: तिथे बारीक उंचवटा दिसत नसेल, तर पुढून कितीही सुबक दिसला तरी तो टॅक कच्चा समजावा.

सलग शिवणीचा मुद्दा सर्वांत घातक आहे. पोलाद दर अंशाला मीटरमागे सुमारे १२ मायक्रॉन प्रसरण पावते. म्हणजे १०० मिमीची पट्टी ५०० अंशांनी तापली, तर ती ०.६ मिमीने लांब होऊ पाहते. भोवतालचा थंड पत्रा तिला लांब होऊ देत नाही, त्यामुळे तापून मऊ झालेली धातू जागच्या जागी दबून जाड होते, आणि निवताना पूर्वीपेक्षा आखूड होऊन शेजारचा पत्रा आपल्याकडे ओढते. पॅनेलवर लाटा उठतात त्या यामुळे. म्हणून कडा नीट जुळवून सुमारे २५ मिमी अंतरावर टॅक मारावेत, पुढचा टॅक नेहमी दूरच्या थंड जागी घ्यावा, आणि अशा रीतीने मधली अंतरे हळूहळू भरत आणावीत. तरीही थोडे आखडणे होतेच. ते जोडाखाली डॉली (हातात धरायचा लोखंडी ठोकळा) धरून हातोडीने टॅक ठोकून, म्हणजे आखडलेली धातू पुन्हा ताणून काढावे लागते. टिग (टंगस्टन इलेक्ट्रोडने केलेले) किंवा गॅस वेल्डिंगचा जोड मिगच्या तुलनेने मऊ असल्याने या ठोकाईला अधिक दाद देतो.

पाण्याबाबत दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती होते. पाण्याने पत्रा काचेसारखा ठिसूळ होतो, हा विरोधकांचा दावाही फुगवलेला आहे, कारण जुन्या बॉडीच्या साध्या पत्र्यात कार्बन इतका कमी असतो की तो सहसा तसा कडक होत नाही. खरा आक्षेप निराळा आहे. फुगलेला पत्रा आखडवण्यासाठी डेंटर त्यावर एक ठिपका लाल करून ओले फडके लावतात. मग आखडणे टाळण्यासाठी तीच क्रिया शिवणीवर कशी उपयोगी पडेल? शिवाय फटीत राहिलेला ओलावा पुढच्या टॅकमध्ये बुडबुडे सोडतो. त्याऐवजी जोडामागे तांब्याची जाड पट्टी धरावी. ती उष्णता शोषते आणि वितळलेले पोलाद तिला चिकटत नाही.

पुट्टीचे थोडक्यात सांगता येईल. ती दोन-तीन मिलिमीटरच्या आतला उंचसखलपणा भरण्यासाठी असते. सुईएवढे भोक तिच्याखाली राहिले, तर मागून ओल शिरते आणि रंगाला फोड येतात.

राहिला पत्र्यावर पत्रा चढवण्याचा प्रश्न. दरवाजा किंवा बॉनेटसारख्या दर्शनी पॅनेलवर दुहेरी जाडीची कडा रंगाखालूनही उन्हात उमटू शकते, आणि दोन थरांमधली सापट पाणी धरून ठेवते. तळपत्र्यासारख्या झाकलेल्या जागी मात्र ही पद्धत चालते. तिथे सापटीत आधी जस्ताचा प्राइमर लावावा, टॅकच्या जागेपुरता तो खरवडून काढावा, कारण जस्ताच्या धुराने ताप येतो, आणि काम झाल्यावर कडा सीलरने बंद कराव्यात.