आरसेपला नाही म्हटलं, तरी बेदाणा कुठून आला?

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ, द्राक्षाचा कुठलाही ग्रुप उघडा, एकच मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: "मुक्त व्यापार गट म्हणजे एका सहीने उघडलेलं फाटक. २०१९ ला आपण आरसेपला नकार दिला म्हणून द्राक्षवाला वाचला. आता उरलेले करारही फाडा." (आरसेप म्हणजे चीन, जपान, ऑस्ट्रेलिया वगैरे देशांनी मिळून केलेला मोठा मुक्त व्यापार करार.) मेसेजमधली बाहेरच्या मालाची भीती खोटी नाही. पण तिन्ही वाक्यं चुकीची आहेत.

आधी ते एका सहीचं. युरोपात १९५१ ला सहा देश एकत्र आले ते फक्त कोळसा आणि पोलादापुरते. १९५७ ला रोमचा करार झाला, तरी आपसातली जकात पुरती जायला १९६८ उजाडलं आणि एकसंध बाजारपेठ व्हायला १९९३. शेती तर त्यांनी उघड्यावर सोडलीच नाही. १९६२ पासून तिच्यासाठी वेगळं धोरण आखून बाहेरच्या मालाला भिंत घातली. आपल्याकडचा साफ्टा बघा, म्हणजे सार्क या दक्षिण आशियातल्या देशांच्या गटाचा मुक्त व्यापार करार. सही २००४ ची, अंमल २००६ पासून, आणि प्रत्येक देशाची 'संवेदनशील' मालाची यादी वेगळी, म्हणजे या मालाला सवलत नाही. बांगलादेशही साफ्टातच आहे. तरी आपल्या द्राक्षाची गाडी तिकडे गेली की किती शुल्क बसतं, ते कुठल्याही निर्यातदाराला विचारा. म्हणे फाटक उघडं!

आता आरसेप. २०२० मध्ये त्यावर १५ देशांनी सह्या केल्या. त्यातल्या आसियानच्या, म्हणजे आग्नेय आशियाच्या गटातल्या, १० देशांशी आणि कोरियाशी आपले करार २०१० पासून चालू आहेत, जपानशी २०११ पासून. हे झाले १२. म्हणजे आपण नकार दिला तो चीन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला. त्यातल्या ऑस्ट्रेलियाशी २०२२ मध्ये वेगळा करार केलाच. चीनला दार उघडलं नाही हे बरंच झालं, त्यावर माझं भांडण नाही.

पण बेदाण्याचं दुखणं आरसेपचं नव्हतंच. अफगाणिस्तान २००७ ला सार्कमध्ये आला. २०११ मध्ये भारताने साफ्टातल्या गरीब देशांसाठीची (अफगाणिस्तान त्यातलाच) ती 'संवेदनशील' यादी ४८० वस्तूंवरून २५ वर आणली. उरली ती दारू-तंबाखू. अफगाण बेदाण्याची वाट मोकळी झाली ती इथे, आणि बोभाटा न होता. अफगाण माल तसा आपल्या बाजाराला नवा नाही. बागायतदारांची तक्रार आहे ती चीनचा बेदाणा त्याच नावावर घुसतो ही.

सौद्याला उभं राहून बघा. व्यापारी ढिगातून मूठभर बेदाणा उचलतो, तळहातावर पसरतो, एक मणी दाताखाली धरतो. रंग, गोडी, ओल, सगळं सांगेल. वेल कुठल्या देशातला ते मणी सांगत नाही. ते सांगतो मूळ देशाचा दाखला. नियम असा की सवलत हवी तर पीक त्याच देशात निघालेलं पाहिजे. खोकं बदललं, लेबल चिकटवलं म्हणून मूळ बदलत नाही. सप्टेंबर २०२० पासून याचा पुरावा आयातदारालाही जवळ ठेवावा लागतो, आणि कस्टमला शंका आली तर सवलत रोखता येते. हत्यार आहे, चालवायचं कुणी?

राहिलं करार फाडणं. ब्रिटनने २०१६ ला मतदान करून २०२० मध्ये युरोपीय संघ सोडला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याच युरोपशी नवा व्यापार करार केला. अमेरिकेने नाफ्टाला, म्हणजे कॅनडा आणि मेक्सिकोबरोबरच्या आपल्या व्यापार कराराला, नुसत्या शिव्या घातल्या नाहीत, तो बदलून घेतला: शुल्कमाफी हवी तर गाडीचा ६२.५ टक्के नव्हे, ७५ टक्के भाग त्या तीन देशांतला हवा. म्हणजे त्यांनी भांडण केलं ते मूळ देशाच्या नियमावरच.

मेसेजखाली मी एवढंच लिहिलं: पुढच्या निवेदनात दाखले तपासायची मागणी घाला. दोघांनी अंगठा दाखवला. तिसऱ्याने तोच मेसेज पुन्हा टाकला.